गोल्डवाले पुढे या

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की अमेरिकेतली काही माणसं विमानात बसून कुठेच जात नाहीत. म्हणजे बसतात, उडतात, न्यूयॉर्कहून निघून लॉस एंजेलिसला उतरतात, विमानतळावरच कॉफी पितात आणि मिळेल त्या विमानाने घरी परततात. तिकडे कोणाला भेटायचं नसतं, काही बघायचं नसतं. वर्ष संपत आलेलं असतं आणि गोल्डचं प्लॅटिनम व्हायला थोडे मैल कमी पडत असतात, एवढंच काम. या प्रकाराला 'मायलेज रन' असं नाव आहे. निघताना हे लोक घरी काय सांगत असतील, याची मला फार उत्सुकता आहे. 'जरा लॉस एंजेलिसला जाऊन येतो.' 'अचानक? काय काम काढलंत?' 'परत यायचंय.'

हल्ली ही जमात थोडी ओसरली आहे. शहाणपण आलं म्हणून नव्हे; विमान कंपन्यांनी मैल मोजायचं सोडून थेट पैसे मोजायला सुरुवात केली म्हणून. त्याकडे येऊच. पण आधी आमच्या मेहुण्यांचा प्रश्न, कारण तो काही दिवस आमच्या घरी रोज रात्री जेवायला असायचा.

मेहुणे म्हणजे ताईचे यजमान. एका कंपनीत सल्लागार होते. सल्ला देण्यासाठी पुण्याहून दिल्लीला जायचे, दिल्लीला दिलेला सल्ला बंगळुरूला जाऊन मागे घ्यायचे, आणि अधूनमधून फ्रँकफर्टमार्गे अमेरिकेला. कंपनीच्या खर्चाने इतकं उडल्यावर गोल्ड मिळणारच. त्यांच्या बॅगेला गोल्डचा बिल्ला लटकलेला असतो. बॅग माळ्यावर टाकतानाही तो काढायचा नाही, अशी घरात ताकीद आहे. मग त्यांनी नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं. उडणं निम्म्याहून कमी झालं आणि विमान कंपनीची मेल आली: आपलं गोल्ड सदस्यत्व संपत आहे, तथापि एवढी रक्कम भरल्यास ते वर्षभर चालू ठेवण्यात आम्हाला आनंद वाटेल. रक्कम इथे लिहीत नाही, ताई हा लेख वाचणार आहे. मेहुण्यांनी मला विचारलं, "काय वाटतं? भरावेत का?"

हा प्रश्न मला विचारण्याचं कारण एवढंच की मी विमानात क्वचित बसतो, त्यामुळे माझं मत तटस्थ असणार, असा त्यांचा समज. मी तटस्थ वगैरे अजिबात नाही. गोल्डवाल्यांसाठी दोरी सोडतात तेव्हा दोरीच्या अलीकडे उभं राहून मी बरीच मतं तयार करून ठेवली आहेत.

तर हे गोल्ड मुळात आलं कुठून, ते आधी बघू. अमेरिकेत 1978 पर्यंत कोणती कंपनी कुठून कुठे उडणार आणि तिकीट केवढ्याला विकणार, हे सरकार ठरवत असे. भाडी सगळ्यांची सारखी, त्यामुळे चढाओढ काय ती जेवणाच्या ताटात. मग कायदा करून हे नियंत्रण उठवलं. कंपन्या एकमेकींची भाडी पाडू लागल्या आणि ज्याचं तिकीट स्वस्त त्याच्याकडे गिऱ्हाईक पळू लागलं. पळणाऱ्या गिऱ्हाइकाला बांधून ठेवायचं कसं? 1 मे 1981 रोजी अमेरिकन एअरलाइन्सने 'ॲडव्हान्टेज' नावाची योजना काढली. आमच्याकडून जितके मैल उडाल तितके तुमच्या नावावर जमा. पुरेसे साठले की एक प्रवास फुकट. पुढच्या काही दिवसांतच युनायटेडने आपली योजना आणली, आणि मग बाकीच्यांना गत्यंतर उरलं नाही.

वरवर बघता ही दुकानदाराची साधी सवलत वाटते. खरी करामत वेगळीच आहे. कामासाठी उडणाऱ्या माणसाचं तिकीट त्याचा मालक काढतो, मैल मात्र त्या माणसाच्या नावावर पडतात. दुसऱ्या कंपनीचं तिकीट चार हजारांनी स्वस्त असलं तरी हा हिशेबनिसाला शपथेवर सांगतो की त्या विमानाची वेळ सोयीची नाही. चार हजार मालकाचे जातात आणि मे महिन्यात हा बायकामुलांना घेऊन फुकटात गोव्याला जातो. कायद्याच्या पुस्तकात याला दुसरं नाव असतं. विमानाच्या धंद्यात याला 'निष्ठा' म्हणतात.

सरकारांच्या हे ध्यानात यायला वेळ लागला. अमेरिकेत सरकारी दौऱ्यांवर मिळालेले मैल बराच काळ सरकारचे मानले जात. 2001 साली कायदा करून ते कर्मचाऱ्यांना देऊन टाकले. आपल्या केंद्र सरकारने मात्र नियम करून ठेवला की सरकारी तिकिटावरचे मैल सरकारी प्रवासालाच वापरायचे. आणि जर्मनीत 2002 च्या उन्हाळ्यात तर राजकीय वादळच झालं. खासदारकीच्या प्रवासात साठलेले लुफ्तान्साचे मैल काही पुढाऱ्यांनी खासगी सहलींना वापरले होते. त्यात बर्लिन राज्याचे अर्थव्यवस्था खात्याचे मंत्री ग्रेगोर गिझी यांनी राजीनामा दिला. बर्लिनमध्ये मंत्र्याला 'सेनेटर' म्हणतात. आणि लुफ्तान्साच्या योजनेत वारंवार उडणाऱ्याला जी वरची पायरी मिळते, तिचंही नाव 'सेनेटर' आहे. म्हणजे कंपनी एका हाताने दुकानदारांना आणि दंतवैद्यांना सेनेटर करत होती आणि तिच्याच मैलांपायी एक खराखुरा सेनेटर घरी बसला.

मुद्दा असा, की ही सगळी यंत्रणा 'पैसे एकाचे, मान दुसऱ्याला' या पायावर उभी आहे. मेहुणे नोकरीत होते तोवर पाया पक्का होता. आता तेच मालक, तेच नोकर, तेच हिशेबनीस. चार हजारांनी महाग तिकीट घेतलं तर ते स्वतःलाच काय सांगणार, वेळ सोयीची होती? हे मी त्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "ते झालं रे. पण बोर्डिंगला आधी सोडतात त्याचं काय?"

इथे त्यांची अडचण मला थोडी कळते. गोल्ड सदस्य म्हणजे विमान कंपनीचा जावई. आला की 'या, या' करायचं, पुढचा पाट द्यायचा, सामान हातातून घ्यायचं, आणि तो काही बोलला तर मनावर घ्यायचं नाही. मेहुणे आमच्या घरी खरोखरच जावई आहेत, आणि अधिक महिन्यात आई त्यांना मोजून तेहतीस अनारसे देते. पण आमच्याकडचं जावईपण एकदा मिळालं की मिळालं. ते दर वर्षी किती वेळा आले याची आई नोंद ठेवत नाही, किंवा 'यंदा आपण फक्त संक्रांतीला आलात, सबब आपणास पाहुणा या श्रेणीत घेण्यात येत आहे' असं पत्र पाठवत नाही. विमान कंपनी पाठवते. बारा महिने पाय धुऊन झाल्यावर तेराव्या महिन्यात ओळखसुद्धा दाखवत नाही. एकदा ज्याने तो पाट चाखला आहे, त्याला पुन्हा शेवटच्या ओळीत बसणं किती जड जात असेल!

आणि पाटही आता एकटा-दुकटा राहिलेला नाही. सुरुवातीला कंपन्यांनी सढळ हाताने गोल्ड वाटलं. बँकांची क्रेडिट कार्डं या योजनांना जोडली गेली आणि भाजी घेता घेता लोक गोल्ड झाले. गोल्डची रांग साध्या रांगेहून लांब झाली. मग प्लॅटिनम आलं, ते भरल्यावर डायमंड. आणि डायमंडच्याही वर अमेरिकेत काही मोठ्या कंपन्यांची एक गुप्त पायरी असते. ती कोणाला आणि का मिळते, हे कंपनी सांगत नाही. एके दिवशी नुसतं बोलावणं येतं. लुफ्तान्साच्या सेनेटरच्या वर 'हॉन सर्कल' आहे. तिथे पोचायला 2023 पर्यंत दोन वर्षांत सहा लाख मैलांची जमा लागायची. कागदोपत्री का होईना, चंद्रावर जाऊन परत आल्यावरही त्यात लाखभर मैल उरतात. एवढं केल्यावर मिळतं काय? फ्रँकफर्टला एक स्वतंत्र टर्मिनल आहे, 2004 साली उघडलेलं. तिथे रांग नाही, विमानापर्यंत मोटार सोडायला येते, आणि न्हाणीघरात टबाशेजारी रबराचं बदक ठेवलेलं असतं. ही बदकं लोक घरी आणतात, जमवतात, एकमेकांना दाखवतात. बोर्डरूममध्ये ज्यांच्यासमोर माणसं चळचळा कापतात, ते गृहस्थ हातातल्या सामानात बदक लपवून निघालेत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मैलांच्या मागे लागलेल्या माणसांत मला मनापासून आदर आहे तो एकाच गृहस्थाबद्दल. कॅलिफोर्नियातला हा इंजिनिअर. 1999 साली एका खाद्यपदार्थाच्या कंपनीने जाहीर केलं की वेष्टनावरचे कोड पाठवा आणि विमानाचे मैल मिळवा. याने आकडेमोड केली आणि ध्यानात आलं की सगळ्यात स्वस्त पडतं ते पुडिंग. पठ्ठ्याने बारा हजारांवर पुडिंगचे डबे विकत घेतले. खर्च 3,140 डॉलर. आता एवढी लेबलं सोलायची कोणी? तर त्याने पुडिंग धर्मादाय संस्थेला देऊन टाकलं, अट एकच, तिथल्या स्वयंसेवकांनी लेबलं सोलून द्यायची. साडेबारा लाख मैल मिळाले. वर, धर्मादाय देणगी दिली म्हणून आयकरात सूटही घेतली. या माणसाचा जन्म सदाशिव पेठेत झाला नाही, यावर माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही.

त्याच्या उलट टोकाची गोष्ट शिकागोच्या एका शेअर दलालाची. अमेरिकन एअरलाइन्सने 1981 साली अडीच लाख डॉलरला जन्मभर पहिल्या वर्गाने हवं तितकं उडण्याचा पास विकायला काढला होता. या गृहस्थाने 1987 साली तो घेतला आणि तो खरोखरच वापरला. लंडनला जेवायला, परत, दुसऱ्या दिवशी आणखी कुठे; हजारो फेऱ्या. 2008 मध्ये कंपनीने गैरवापराचा ठपका ठेवून पास रद्द केला आणि प्रकरण कोर्टात गेलं. दोघांपैकी कोण खरं, ते कोर्ट जाणे. मला त्यातून एवढं दिसतं, की कंपनीला निष्ठा हवी असते, पण इतकी नको असते.

हे शहाणपण मग सगळ्यांनाच आलं. 2015 च्या सुमारास अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांनी मैल देताना अंतराऐवजी तिकिटाची किंमत बघायला सुरुवात केली. स्वस्तातलं लांबचं तिकीट काढून पायरी चढणाऱ्या मायलेज रनवाल्यांचं कंबरडं मोडलं ते हळूहळू असं. सप्टेंबर 2023 मध्ये डेल्टाने जाहीर केलं की डायमंडसाठी वर्षाला वीस हजार डॉलर खर्च पुरत होता, तो आता पस्तीस हजार लागेल. असा काही गदारोळ उठला की महिन्याभरात खुद्द मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी आमचं जरा अतीच झालं असं कबूल केलं आणि आकडा अठ्ठावीस हजारांवर आणला. म्हणजे तेव्हाच्या भावाने तेवीस-चोवीस लाख रुपये. वीसचे अठ्ठावीस झाले आणि लोकांनी आपण जिंकलो म्हणून एकमेकांचं अभिनंदन केलं.

या धंद्यात मूळ माल कोणता, हे 2020 साली जगाला कळलं. करोनात विमानं जमिनीवर उभी होती, तिजोरीत खडखडाट. युनायटेडने तेव्हा गहाण काय टाकलं? मैलांची योजना. तिची किंमत जवळपास 22 अब्ज डॉलर धरली होती. त्या वेळी कंपनीच्या सगळ्या शेअरांची बाजारातली किंमत मिळून याहून कितीतरी कमी भरत होती. म्हणजे विमानं, वैमानिक, मार्ग, नाव असं सगळं एकत्र घेतलं, तर मैलांच्या वहीपेक्षा स्वस्त! याचं कारण साधं आहे. कंपनी मैल बँकांना घाऊक विकते, बँका ते कार्डावर आपल्याला वाटतात, आणि मैल छापायला इंधन लागत नाही. विमान उडवणं हा हल्ली मैल विकण्याचा जोडधंदा झाला आहे.

भारतातला इतिहास जरा जास्त करुण आहे. इथे मैल टिकतात, विमान टिकेल याची खात्री नाही. किंगफिशरचा किंग क्लब होता. ऑक्टोबर 2012 मध्ये किंगफिशर जमिनीवर आली ती आलीच. जेट एअरवेजने 17 एप्रिल 2019 ला शेवटचं उड्डाण केलं. पण तिची जेटप्रिव्हिलेज योजना वेगळ्या कंपनीत होती, म्हणून ती 'इंटरमाइल्स' असं नाव घेऊन मागे उरली. देह गेला, मैल अमर. विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 ला एअर इंडियात विलीन झाली आणि तिचे सदस्य रातोरात दुसऱ्या घरचे झाले. मेहुण्यांच्या टेबलाच्या खणात या सगळ्यांची कार्डं रबर लावून ठेवलेली आहेत. मी एकदा विचारलं, "ही कशाला ठेवलीत?" तर म्हणाले, "फार चांगली होती रे ती कंपनी." त्यांच्या आवाजात जे होतं ते आमच्या आजोबांच्या आवाजात फक्त डेक्कन क्वीनच्या जुन्या डायनिंग कारबद्दल बोलताना यायचं.

एअर इंडियाच्या योजनेला आता 'महाराजा क्लब' म्हणतात. तो मिशीवाला, फेटेवाला महाराजा 1946 सालचा. बॉबी कूका यांच्या डोक्यातून निघाला आणि उमेश राव यांनी कागदावर काढला. त्याची ख्यातीच मुळी वाकण्याबद्दल: छातीवर हात, मान तुकवलेली, डोळे मिटलेले. खुद्द महाराजा इतका वाकून उभा असेल तर त्याच्या क्लबातल्या गोल्ड सदस्याने ताठ किती व्हायचं, याला मर्यादा राहत नाही.

आणि या सगळ्याला छेद देणारी इंडिगो. 2006 साली सुरू झाली आणि तिने तब्बल अठरा वर्षं कोणालाच मान दिला नाही. ना सिल्व्हर, ना गोल्ड. तिकीट काढा, रांगेत या, बसा, उतरा. आणि हीच कंपनी देशातली सगळ्यात मोठी झाली, इतकी की निम्म्याहून जास्त प्रवासी तिचे. 2024 च्या अखेरीस तिनेही 'ब्लूचिप' नावाची योजना आणली, हा भाग वेगळा. पण भारतीय माणसाला मानापेक्षा वेळेवर सुटणारं स्वस्त विमान जास्त आवडतं, हे त्या अठरा वर्षांत सिद्ध झालंच. मेहुण्यांना हा पुरावा दाखवला तेव्हा ते म्हणाले, "भारतीय माणसाचं सोड, माझं बोल."

तर त्यांचं बोलतो. पैसे भरून नेमकं काय मिळतं?

पहिला मान, आधी सोडण्याचा. अमेरिकेत आधी चढलं की डोक्यावरच्या कप्प्यात बॅगेला जागा मिळते, त्यामुळे तिथे त्याला अर्थ आहे. आपल्याकडे गेटवरून विमानापर्यंत बरेचदा बस असते. गोल्डवाल्यांना आधी पुकारतात, ते आब राखून आधी चालत जातात आणि आधी बसमध्ये चढतात. मग बस उभी राहते. तिला भरायचं असतं. सिल्व्हर येतात, मग आमच्यासारखे बिनधातूचे येतात, आणि जागा करत करत गोल्डवाले बसच्या पार पोटात ढकलले जातात. विमानाशी दार उघडलं की शेवटी चढलेला, दाराला लटकलेला, बिर्याणीचा डबा घेतलेला तरुण सगळ्यात आधी जिना चढतो. गोल्डवाले शेवटी उतरतात. हा प्रकार मी अनेकदा शांतपणे, दाराजवळ उभं राहून पाहिला आहे.

दुसरा मान, सामान आधी येण्याचा. बॅगेला 'प्रायॉरिटी'ची पट्टी लावतात. पट्ट्यावर ती कधी येते हे सामान चढवणाऱ्याच्या मर्जीवर. पुढे.

तिसरा, लाउंज. 1939 साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सने पहिलं लाउंज उघडलं तेव्हा तिथे फक्त कंपनीने निवडलेल्या बड्या मंडळींना प्रवेश होता. आता आपल्या विमानतळांवर लाउंजात जायला दोन रुपये लागतात. बँकेचं चालेल असं कार्ड काढा, यंत्रात घासा, खात्यातून दोन रुपये वजा होतात आणि आपण आत. आत उपमा, छोले, इडली, गोड काहीतरी, आणि हवी तितकी कॉफी. दोन रुपयांत पोटभर ही बातमी देशभर पसरायला वेळ लागला नाही. आता लाउंजची रांग सुरक्षा तपासणीपेक्षा लांब असते. सातच्या विमानासाठी लोक पहाटे साडेतीनला घरातून निघतात, नाश्ता चुकू नये म्हणून. बँका हैराण झाल्या. मागच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केलेला असेल तरच प्रवेश, अशा अटी त्यांनी घातल्या. तरी गर्दी हटलेली नाही, कारण अट पुरी करायला लोक आधी फ्रिज घेतात.

या रांगेत मेहुणे गोल्ड कार्ड घेऊन उभे असतात. गोल्ड असल्याने ते फुकट जातात. त्यांच्या पुढचा मुलगा दोन रुपयांत जातो. म्हणजे मेहुण्यांचा निव्वळ फायदा दोन रुपये. आत गेल्यावर खुर्ची कोणालाच मिळत नाही. ती आधी आलेल्या कुटुंबाने पर्स, स्कार्फ आणि झोपलेलं मूल ठेवून अडवलेली असते.

चौथा, वरच्या वर्गात बसवणं. अमेरिकेत एके काळी पुढच्या रिकाम्या खुर्च्या निष्ठावंतांना फुकट वाटायचे. आता कंपन्या त्या आदल्या दिवशी फोनवरच 'इतके भरा आणि पुढे बसा' म्हणून विकून टाकतात, त्यामुळे वाटायला उरतात कमी. आणि आपल्याकडे देशांतर्गत बहुतेक विमानांत पुढचा वर्गच नसतो. वर बसवणार कुठे, टपावर?

राहता राहिला पाचवा, आणि मी मान्य करतो की मराठी माणसाच्या दृष्टीने हाच एक खरा: जादा बॅग. स्टार अलायन्स नावाचा विमान कंपन्यांचा संघ आहे, 1997 साली निघालेला; 2014 मध्ये एअर इंडिया त्यात गेली. त्यातल्या गोल्ड सदस्याला जादा वीस किलो किंवा एक जादा नग नेता येतो. अमेरिकेला जाताना दोन बॅगा असतातच. तिसरी बॅग म्हणजे चकली, शंकरपाळे, मेतकूट, गोडा मसाला, कुळथाचं पीठ आणि प्रेशर कुकरची रबरं. एरवी तिला शे-दोनशे डॉलर मोजावे लागतात. हा रोख फायदा.

पण तो ज्याच्या नावावर गोल्ड त्याचा. मेहुणे अमेरिकेला जायचे ते कंपनीच्या कामाला, एका हातबॅगेत, दोन शर्ट घेऊन. त्यांची तिसरी बॅग वर्षानुवर्षं हवेत राहिली. आणि अमेरिकेतल्या भाच्याचं, म्हणजे त्यांच्या मुलाचं, लग्न ठरलं तेव्हा ताई आणि आई पुढे गेल्या, अर्धं रुखवत घेऊन. काउंटरवर ताईची तिसरी बॅग निघाली. तिने सांगून पाहिलं की यजमान गोल्ड आहेत. बाईंनी विचारलं, ते आहेत कुठे? यजमान तेव्हा बंगळुरूला सल्ला देत होते. लाडवांचे डबे काउंटरसमोर उघडून तीन बॅगांच्या दोन करण्याचा जो सोहळा झाला, त्यात मागच्या रांगेतल्या एका अनोळखी कुटुंबाला बेसनाचे लाडू मिळाले. त्यांचं गोल्ड नव्हतं.

म्हणून माझा हिशेब मेहुण्यांना मी कागदावर मांडून दिला. ज्याला वर्षभर उडायचंच आहे त्याला गोल्ड आपोआप मिळतं, विकत घ्यावं लागत नाही. ज्याला विकत घ्यावं लागतं तो उडतच नाही, तर ते वापरणार कुठे? पाय पसरायला पुढची जागा हवी, तर त्या दिवशी त्या जागेचे पैसे भरा. बॅग जड आहे, बॅगेचे भरा. भूक लागली, दोन रुपये. येत्या वर्षात खरोखरच घरात कार्य असेल, अमेरिकेच्या तीन-चार फेऱ्या आणि प्रत्येक फेरीला तिसरी बॅग ठरलेली असेल, तरच एकरकमी भरण्याला अर्थ आहे. मेहुण्यांनी कागद नीट वाचला, घडी घालून खिशात ठेवला. पैसे त्यांनी आदल्या रात्रीच भरले होते.

त्यानंतर भाच्याला मुलगी झाली आणि मेहुणे, ताई, आई असे तिघं नेवार्कला निघाले. पुढची हकिकत ताईने तिकडून फोनवर सांगितली. आईचे दोन्ही गुडघे बदललेले, म्हणून तिच्यासाठी व्हीलचेअर सांगितली होती. भारतातून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांच्या दाराशी व्हीलचेअरची केवढी रांग असते, ते ज्याने पाहिलंय त्याला माहीत आहे. लोक त्यावर हसतात, ड्यूटी फ्रीत तुरुतुरु चालणाऱ्या आजी गेटवर येताच खुर्चीत कशा बसतात म्हणून. पण त्यातल्या कित्येकींना खुर्ची पायांसाठी नको असते. परक्या विमानतळावर, कळत नाही अशा भाषेतल्या पाट्यांमधून योग्य दाराशी नेऊन सोडणारं कोणीतरी हवं असतं. ही सेवा फुकट आहे, आणि तिचे मैल लागत नाहीत.

तर मुंबईला गेटवर पुकारा झाला. मेहुणे बॅगेचा बिल्ला दिसेल असा धरून दोरीजवळ गेले. कर्मचाऱ्याने नम्रपणे हात आडवा केला: "सर, आधी व्हीलचेअर." एक गेली, दोन गेल्या, पंधरा-वीस गेल्या. आईची गेली, मांडीवर अनारशांचा डबा. आईने जाताना जावयाकडे बघून हातही हलवला म्हणे. मग लहान मुलंवाले गेले. मग डायमंड, प्लॅटिनम आणि जे कोणी असतील ते. मग गोल्ड.

मेहुणे आत पोचले तेव्हा आई खिडकीशी शाल पांघरून, स्वेटरची बटणं लावून, पाण्याची बाटली जाळीत ठेवून स्थिरस्थावर झालेली होती. शेजारच्या गुजराती आजींशी तिची मैत्री होऊन एकमेकींच्या सुनांचा विषय निघाला होता. मेहुण्यांना पाहून ती म्हणाली,

"आलात? मला वाटलं, विमान चुकलं तुमचं. ही पिशवी जरा वर ठेवता का?"